हरल्या दिवशी दुकान उघडणारा

हनीफ गेल्याची बातमी मला त्याच्याच फोनवरून आली. सकाळचा चहा घेत होतो. पडद्यावर त्याचे नाव दिसले, म्हणून नेहमीप्रमाणे "आज काय विकायचे आहे?" असे विचारूनच फोन उचलला. पलीकडे त्याची बायको जुबेदा होती. "आप्पा, हे गेले," एवढेच ती म्हणाली. मी "कुठे?" असे विचारले... प्रश्न मूर्खपणाचा होता. तिने तो सहन केला आणि शांतपणे सांगितले की ऊन चढण्याआधी काम उरकावे म्हणून तो पहाटेची फजरची नमाज होताच राई भागातल्या आपल्या वर्कशॉपला गेला होता. शेजारचा गाड्यांच्या सीटा शिवणारा दुकान उघडायला आला, तेव्हा त्याला हनीफ प्रेसच्या मशीनपाशी भिंतीला टेकून बसलेला आढळला. हाक मारली, उत्तर आले नाही. डॉक्टरांनी कारण म्हणून हृदय लिहिले. मी शर्टांची खोकी लिहितो.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. एवढ्या काळात त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि त्यातले बहुतेक खोटे आहे. 'विजेत्यांना सजवणारा हात हरपला' हे वाक्य मी आमच्या माजी विद्यार्थी संघाच्या शोकसंदेशात वाचले आणि तो कागद बाजूला ठेवला. हनीफने आयुष्यात विजेत्यांना काही विकले नाही. तो त्याचा नियम होता. ज्यांनी हे वाक्य लिहिले त्यांना तो नियम माहीत होता. म्हणून हा लेख.

आमचे कॉलेज कोकणातले, खाडीकाठच्या एका लहान गावातले. तिथून शिकून बाहेर पडलेले इतके लोक कुवेतमध्ये आहेत की येथे आमचा संघ आहे, संघाची कमिटी आहे आणि कमिटीची क्रिकेट टीम आहे. हिवाळ्यात दर शुक्रवारी ही टीम महाराष्ट्रातल्या इतर कॉलेजांच्या माजी विद्यार्थ्यांशी खेळते. मैदान जहराच्या रस्त्याला, घट्ट झालेल्या वाळूचे, मध्ये सिमेंटची पट्टी आणि तिच्यावर मॅटिंग. खेळणारे अकरा, आणि बघायला अब्बासिया या भारतीयांच्या वस्तीपासून सगळीकडची कुटुंबे चटया आणि डबे घेऊन येतात. या बघणाऱ्यांना कॉलेजचे शर्ट विकणे हा हनीफचा उद्योग. गडद निळा शर्ट, पिवळी कॉलर, छातीवर कॉलेजचे नाव. पोटापाण्यासाठी तो कंपन्यांचे गणवेश छापत असे. पण त्याचा जीव या निळ्या शर्टात होता, आणि तो जीव शेवटी त्याच्यातच गेला.

कॉलेजात तो माझ्या बऱ्याच मागचा. ओळख झाली ती येथेच. मी तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर होतो. अजूनही सल्लागार म्हणून कंपनीने ठेवून घेतले आहे. बडबड्या माणसांचा मला तिटकारा. हनीफ मोठ्याने बोलत असे, अत्तराचा मारा करून येत असे, आणि दिलेल्या वेळेला कधी येत नसे. शिवाय तो अप्रामाणिक होता, हेही लिहिले पाहिजे. पोट सुटलेल्या गृहस्थांना तो मोठ्या मापाचा शर्ट देई आणि गळ्याशी लहान मापाची चिठ्ठी शिवून देई. "कॉलेजात एम घालायचो," असे म्हणणाऱ्याला तो एमच देई. "बघा, तुम्ही तसेच आहात साहेब, कुवेतच्या बिर्याणीचा काही परिणाम नाही!" मी त्याला म्हणालो, ही फसवणूक आहे. तो म्हणाला, "आप्पा, आरशानं सांगितलेलं ऐकत नाहीत, ते माझं काय ऐकणार?" अशा माणसाशी माझी मैत्री कशी झाली, याचे मला अजूनही नवल वाटते.

त्याचा नियम मला प्रथम दिसला तो एका जिंकलेल्या सामन्याच्या दिवशी. आमच्या टीमने जोरदार विजय मिळवला होता, आणि लोक आनंदाने त्याच्या टेबलाभोवती जमले होते. हनीफने मालावर चादर टाकली, खुर्ची ओढली आणि चहा पीत बसला. लोक मागत होते, तो मान हलवत होता. मी जवळ गेलो.

"अरे, गिऱ्हाईक उभे आहे."

"हे गिऱ्हाईक नाही आप्पा, ही वरात आहे. वरातीत माणूस फेटा बांधून नाचतो आणि सकाळी तो कुठं टाकला ते त्याला आठवत नाही."

हरलेल्या दिवशी मात्र हा मनुष्य वेगळाच असे. शेवटची विकेट पडायच्या आत त्याचे टेबल गाड्यांच्या वाटेवर आडवे लागलेले असे. लोक चटया गुंडाळून, एकमेकांची नजर चुकवत निघत, आणि याचा आवाज सुरू होई. "तोंड पाडून कुठं निघालात? शर्ट घ्या, मग गाडीत बसा! वहिनी, साहेबांना निळा घ्या, चेहरा पिवळा झालाच आहे, कॉलर वेगळी लागायची नाही!" वहिनी हसत. साहेबही हसत, जरा उशिराने. येथेच वाढलेली एक मुलगी एकदा त्याला म्हणाली, "बट अंकल, वी लॉस्ट." हा म्हणाला, "येस बेटा. देअरफोर ब्लू." ती शर्ट घेऊन गेली. मी धंद्याच्या दृष्टीने विचार करणारा माणूस. मला हे सारे खुळेपण वाटले होते. पण हरल्या दिवशी घेतलेले ते शर्ट मला पुढे जागोजागी दिसू लागले. बकाल्यावर, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध घेताना, न्हाव्याकडे, विमानतळावर सामानाच्या रांगेत... धुऊन धुऊन आकाशासारखे फिकट झालेले, तरी अंगावर. इतरांच्या संघांचे भपकेदार शर्ट मैदानाबाहेर मी कोणाच्या अंगावर पाहिले नाहीत.

हा नियम त्याने कोठून आणला, हे त्याने मला एकदाच सांगितले. कॉलेजच्या टीममध्ये तो राखीव खेळाडू होता. मैदानात उतरण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. तो पाणी नेई आणि बॅटी मोजून आणी. एका वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी टीम वाईट हरली. परतीच्या एसटीत, गाव जवळ आले तसे, खेळाडूंनी एकेक करून अंगातले कॉलेजचे स्वेटर उलटे केले. स्टँडवर टवाळ पोरे बसलेली असत, त्यांनी ओळखू नये म्हणून. "आप्पा, उलटा केला की शिवण दिसते. अख्ख्या गावाला कळतं, आत काय लपवलंय ते," हनीफ म्हणाला. हे सांगताना त्याचा आवाज चढला होता. इतकी वर्षे लोटली होती आणि हा माणूस त्या एसटीतून उतरला नव्हता. मला त्या दिवशी त्याचा आदर वाटला. तसे मी त्याला सांगितले नाही. असल्या गोष्टी सांगायच्या नसतात.

दोन-तीन हिवाळ्यांपूर्वी कमिटी बदलली. नवे लोक वाईट नव्हते. उत्साही होते, आणि तोच त्रास होता. त्यांच्यात केतन नावाचा एक तरुण होता, मार्केटिंगमध्ये नोकरी करणारा, चुणचुणीत. परदेशातली विद्यापीठे आपल्या टीमचे कपडे चाहत्यांना कसे विकतात, याचा त्याने अभ्यास केला होता. यंदा आमची टीम अंतिम सामन्यात पोचली, तेव्हा त्याने बैठकीत सांगितले की तिकडे शेवटचा क्षण संपताच 'विजेते' लिहिलेले शर्ट आणि टोप्या मैदानातच बाहेर येतात. आनंद ताजा असतो तोवरच माणूस खरेदी करतो. तेव्हा आपणही सामन्याआधी छापून तयार राहावे. हनीफ बोलावला गेला होता. मी जुना अध्यक्ष म्हणून कोपऱ्यात होतो.

"ते लोक दोन्ही टीमचे छापून ठेवतात, केतन," हनीफ म्हणाला. "हरलेल्यांची खोकी मग कुठल्यातरी गरीब मुलखात पाठवून देतात. तू कुठं पाठवणार? आपणच तर त्या मुलखातून आलोय."

सगळे हसले. केतनही हसला. मग म्हणाला, "हनीफभाई, तुमचं ते हरल्यावर विकणं क्यूट आहे. पण तो ब्रँड होत नाही. लूझर म्हणून कोण मिरवणार?"

हनीफ उठला. "न खेळलेल्या मॅचचा निकाल मी छापत नाही," असे म्हणून तो निघून गेला. कमिटीने शर्ट दुसरीकडून छापून आणले. निळा, पिवळी कॉलर, कॉलेजचे नाव, आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत 'विजेते'.

पुढे काय घडले ते कुवेतमधल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. सामना अगदी हातात आला होता. शेवटच्या षटकात आपणच जिंकणार, अशी खात्री होऊन कमिटीच्या मंडळींनी खोकी फोडली आणि कुटुंबांसकट शर्ट चढवले. आणि आपण हरलो. समोर पुण्याच्या एका कॉलेजचे माजी विद्यार्थी होते. टोमणा मारण्यात त्या शहराचा हात कोणी धरू शकत नाही. "अहो विजेते, कप आमच्याकडे विसरलात!" असे एकाने सीमारेषेवरून ओरडून सांगितले. दुसरा म्हणाला, "असू द्या हो, त्यांचा कार्यक्रम मुहूर्ताआधीच झाला." फोटो निघाले. घरी पोचेपर्यंत ते फोटो रत्नागिरीपर्यंत पोचले होते. हनीफने त्या दिवशी टेबल लावले नाही. इतक्या वर्षांत प्रथमच हरलेल्या दिवशी त्याने टेबल लावले नाही. तो गाडीत काचा वर करून बसून राहिला. मी काच ठोठावली. त्याने उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "आप्पा, माल आलाय."

"कसला माल?"

"लाज आलीय. खोक्यांतून. झाकून द्यायचीय."

कमिटीने ती सारी खोकी त्याच्या वर्कशॉपात आणून टाकली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीला कुटुंबे भारतात जाण्याआधी स्नेहसंमेलन ठरले होते, आणि तोवर 'विजेते' हा शब्द झाकून तेच शर्ट विकायचे होते. मी म्हणालो, कचऱ्यात टाक. तो म्हणाला, "कॉलेजचं नाव आहे त्याच्यावर. टाकू कसं? आणि तसंच बाहेर सोडलं, तर जन्मभर हसतील." मी म्हणालो, हसू दे कमिटीला. "कमिटीला कोण हसतंय आप्पा? हसतात ते नावाला." त्याने निळ्या कापडाच्या पट्ट्या कापल्या. मागून गोंद असलेली ही पट्टी शब्दावर ठेवायची, वर सुती फडके टाकायचे आणि गरम प्रेस दाबायचा. जास्त दाबला तर कापड चकाकते, कमी दाबला तर पट्टी धुण्यात सुटते. त्याचा मदतनीस सुट्टीवर गावी गेला होता. खोलीतला एसी बंद पडला होता. छत पत्र्याचे. मी एकदा जाऊन पाहिले. भट्टीत उभा असावा तसा तो दिसत होता. मी त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले की तू मूर्ख आहेस आणि हे काम आता बंद कर. तो म्हणाला, "थोडेच उरलेत." त्याच्या पाठीमागे छतापर्यंत खोकी होती. मी कमिटीच्या अध्यक्षांना फोन केला, एसीचे सांगितले. "हो हो, माणूस पाठवतो," ते म्हणाले. माणूस गेला नाही.

तो गेला त्याच दिवशी, दुपारच्या अस्रच्या नमाजेनंतर, सुलैबिखातच्या दफनभूमीत त्याला माती दिली. कमिटी झाडून हजर होती. ऊन फार होते. मी माती टाकली आणि गाडीत येऊन बसलो.

खरा संताप त्यापुढचा आहे. स्नेहसंमेलनासाठी अब्बासियातला एक हॉल आधीच घेतलेला होता. त्याच हॉलमध्ये, त्याच दिवशी, शोकसभा ठेवण्यात आली. जेवणाची ऑर्डरदेखील रद्द केली नाही. आणि दाराशी एक टेबल. त्यावर हनीफने पट्टी लावून पुरे केलेले शर्ट घडी घालून मांडलेले, वर पाटी: 'हनीफभाईंच्या हातचे शेवटचे शर्ट'. लोक घेत होते. डोळे पुसत पुसत माप विचारत होते. भाषणे झाली. एक जण म्हणाला, "काम करता करता गेले, भाग्यवान माणूस." दुसऱ्याने तेच हिंदीत सांगितले. जुबेदा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. शेवटी मला बोलण्यास सांगण्यात आले.

मी माझ्याबरोबर दाराशी मांडलेला एक शर्ट घेऊन गेलो आणि तो उंच धरला. "या पट्टीखाली काय लिहिले आहे, ते कमिटीपैकी कोणीतरी वाचून दाखवावे," एवढेच म्हणालो.  मी थांबलो. थांबण्याची मला सवय आहे. बऱ्याच वेळाने केतन उभा राहिला. त्याचा चेहरा रडवेला होता.

"आप्पा, आम्हाला काय माहीत तिथे एसी बंद आहे?"

"मी सांगितले होते. तुमच्या अध्यक्षांना."

तो अध्यक्षांकडे पाहू लागला. अध्यक्ष जमिनीकडे पाहू लागले. "माणूस भाग्यवान नव्हता," मी म्हणालो. "तुमची चूक झाकताना तो मेला. निदान एवढे झाकू नका." आणि खाली उतरलो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे बरे झाले. टेबलावरचे शर्ट उचलून आत ठेवण्यात आले. जेवण मात्र झाले. माझ्या मागून काही जण म्हणाले की आप्पांना प्रसंगाचे भान राहिले नाही. भान होते म्हणूनच बोललो. ज्यांना ही कठोरता वाटली असेल, त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही.

मला हनीफचाही राग येतो. तो 'नाही' का म्हणाला नाही? बैठकीत नाही म्हणताना जो ताठ उभा राहिला, तो खोकी दारात येताच वाकला कसा? आपल्याशिवाय कॉलेज उघडे पडेल, असे त्याला वाटले. हा अहंकार होता. असा अहंकार असलेली माणसे आता फार थोडी आहेत, आणि जी आहेत ती अशी वाया जातात...

गेल्या आठवड्यात जुबेदाने मला वर्कशॉपला बोलावले. घरमालकाला किल्ली परत द्यायची होती. मशीन एकाने विकत घेतले होते, तो न्यायला येणार होता. मला वाटले, सामान बांधायला मदत हवी असेल. आत गेलो तर शेजारच्या सीटवाल्याने उभा पंखा आणून लावला होता, प्रेस तापत होता, आणि जुबेदा डोक्यावरचा पदर घट्ट बांधून उरलेली खोकी उघडत होती. कित्येक वर्षे ती संध्याकाळी त्याच्यासोबत हे काम करत आली होती, हे मला माहीत होते. पण आज ती असे काही करेल, ही कल्पना नव्हती.

"हे कशासाठी?" मी विचारले.

"उरलेत. पुरे करायचेत."

"नगरपालिकेच्या कचरापेटीत टाकू. मी स्वतः नेऊन टाकतो. त्या लोकांसाठी आता एकही पट्टी लावायची नाही."

तिने शर्ट टेबलावर पसरला. "आप्पा, तुमचा राग कमिटीवर आहे ना? मग कमिटीवर काढा. शर्टावर कशाला काढता?" तिने हाताने शर्टाची सुरकुती काढली. "काम यांनी अंगावर घेतलं होतं. अर्धं टाकून ते कधी घरी आले नाहीत. आणि कॉलेज तुमचं आहे. माझं तर नाही. तरी मी उभी आहे."

 मी खुर्ची शोधली. खुर्ची नव्हती, विकली गेली होती. तिने पहिली पट्टी लावली. प्रेस उचलला तेव्हा पट्टी किंचित तिरकी बसली होती आणि कडेने 'वि'ची वेलांटी दिसत होती. मी म्हणालो, चालेल, एवढे कोण बघतो. ती म्हणाली, "नाही चालणार." कापड गरम होते तोवरच तिने नखाने पट्टी सोडवली. बोट भाजले, ते तिने पदराला पुसले. नवी पट्टी घेतली. एका हाताने धरले की कापड सरकत होते, तिला दोन्ही टोके धरता येत नव्हती.

मी घड्याळ काढून खिशात ठेवले, बाह्या वर केल्या आणि दोन्ही बाजूंनी कापड ताणून धरले. तिने फडके टाकले आणि प्रेसचा दांडा खाली ओढला. वाफेबरोबर त्या खोलीत मुरलेला अत्तराचा वास वर आला... माझा राग आहे तसाच आहे. पट्टी मात्र सरळ बसली.